गळती पाण्याची नव्हती: करवीरमधल्या एका उपसा योजनेच्या मेश नेटवर्कचं प्रकरण

कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यात, प्रयाग चिखलीच्या संगमाच्या खालच्या अंगाला, पंचगंगेवर एका सहकारी संस्थेची उपसा सिंचन योजना आहे. जॅकवेलमधून उचललेलं पाणी माळावरच्या डिलिव्हरी चेंबरमध्ये पडतं आणि तिथून बंद पाईपलाईनने उताराच्या जोरावर सभासदांच्या शिवारात जातं. शिवार म्हणजे ऊस. अधेमधे भुईमुगाचा, सोयाबीनचा एखादा तुकडा. बाकी उसाचेच प्रकार: पावसाळ्यात लावलेला आडसाली, हिवाळ्याअखेर लावलेला सुरू आणि तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेला खोडवा. पाणीपट्टी वर्षानुवर्षं एकरावर आकारली जायची. ठिबक करणारा आणि सरीत पाणी सोडून घरी जाऊन झोपणारा, दोघांना सारखंच बिल. संचालक मंडळाने एकदाचा ठराव केला की पट्टी घनमीटरवर घ्यायची.

त्यासाठी प्रत्येक फाट्यावरच्या चेंबरमध्ये मीटर बसले. शंभर लिटर पाणी गेलं की मीटर एक पल्स देतो. शेजारी लोखंडी पाईपवर तीन मीटर उंचीवर एक नोड: छोटं सोलर पॅनेल, बॅटरी आणि २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा ८०२.१५.४ जातीचा रेडिओ. हा रेडिओ वीज कमी खातो, पण त्याचा आवाज फार लांब जात नाही. म्हणून नोड आपला निरोप शेजारच्या नोडला देतो, तो त्याच्या पुढच्याला, असं करत निरोप गेटवेपर्यंत, म्हणजे सगळे निरोप गोळा करून पुढे पाठवणाऱ्या डब्यापर्यंत, पोचतो. यालाच मेश म्हणायचं. २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितलेल्या गावात जॅकवेलवर इलेक्ट्रॉनिक्स बसवायला कुणी तयार नव्हतं, त्यामुळे गेटवे माळावर, डिलिव्हरी चेंबरशेजारच्या खोलीवर गेला. योजनेचा मुख्य मीटरही तिथेच, गेटवेला थेट वायरने जोडलेला. ही वायर पुढे महत्त्वाची ठरते.

मीटर आणि नोड बसले ऊसतोडणी संपल्यावर, मार्च-एप्रिलात. मे महिन्यात चाचणी झाली आणि सगळं झकास चाललं. जूनला मोटारी बंद. ऑक्टोबरच्या उन्हात पाण्याच्या पाळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि पहिल्या हिशेबातच सचिवांच्या डोक्याला ताप झाला. सगळ्या सभासदांच्या मीटरची बेरीज मुख्य मीटरपेक्षा बरीच कमी भरत होती. तूट म्हणजे गळती, असा सरळ अर्थ लावला गेला. गळतीचं पाणी सगळ्यांवर वाटून लावायचं ठरल्यावर सभेत खडाजंगी झाली. त्यात आणखी एक गुंता होता: काही सभासदांची बिलं उलट अवाच्या सव्वा आली होती. एकाचं पाणी तर त्याच्या फाट्यातून तेवढ्या वेळात जाऊच शकणार नाही इतकं दाखवत होतं. जेसीबी आणून लाईन दोन ठिकाणी उकरली. पाईप कोरडा ठणठणीत.

मला बोलावणं आलं ते या टप्प्यावर, आणि तेही 'गळती शोधायचं यंत्र आहे का तुमच्याकडे' असं विचारायला. लाईनवरून चालताना सोबत संस्थेचे पाटकरी होते. त्यांना सगळे मामाच म्हणतात. उकरलेल्या खड्ड्याकडे बघत ते म्हणाले, "साहेब, लाईन फुटली असती तर वरचं गवात गप बसलं नसतं की वो. एवढं पाणी मुरतंय म्हणायचं आणि ओल कुठंच न्हाई?" हे वाक्य मला कुठल्याही यंत्रापेक्षा वजनदार वाटलं. मग त्यांच्याच सल्ल्याने रात्री सगळ्या फाट्यांच्या चाव्या बंद केल्या, डिलिव्हरी चेंबर भरून घेतला आणि आत भिंतीवर पाण्याच्या पातळीला खडूने रेघ मारली. सकाळी पाणी रेघेलाच होतं.

म्हणजे पाणी जागेवर होतं आणि आकडे गळत होते. खात्रीसाठी मामांनी आणि मी फाट्याफाट्यावरच्या चेंबरची झाकणं उघडून मीटरच्या तबकडीवरचे आकडे वहीत उतरवले. मीटर बसवताना सुरुवातीचे आकडे मामांनी त्याच वहीत लिहून ठेवले होते. वजाबाकी करून बेरीज मारली, तर ती मुख्य मीटरशी जवळजवळ जुळली. उरला तो मीटरच्या अचूकतेतला किरकोळ फरक. मग प्रश्न एवढाच राहिला की खरा आकडा चेंबरमध्ये बसलेला असताना ऑफिसातल्या स्क्रीनवर दुसराच आकडा कसा काय येत होता.

स्क्रीनवर तर सगळे नोड हिरवे होते. पुरवठादाराचा माणूस फोनवर पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, 'नेटवर्क अप आहे.' हिरव्याचा निकष विचारला तेव्हा उलगडा झाला: तासाभरात एक तरी निरोप आला की नोड हिरवा. पाणी वाहत असताना नोड दर मिनिटाला निरोप पाठवतो. तासाला साठ. त्यातले पन्नास वाटेत गेले तरी दिवा हिरवाच. शिवाय आलेखात मधले ठिपके नसले की सॉफ्टवेअर दोन टोकांना सरळ रेघेने जोडून टाकायचं. हरवलेला डेटा दिसू नये याची अशी चोख व्यवस्था मी क्वचितच पाहिली आहे.

निरोपांना अनुक्रमांक होते, हे नशीब. गेटवेवरचा कच्चा लॉग काढून प्रत्येक नोडचे क्रमांक ओळीने लावले की भोकं लगेच दिसतात. ती भोकं कधी आणि कुठे पडतात, हे बघितल्यावर चित्र स्पष्ट होत गेलं.

पहिला संशय गावात सगळ्यांनीच पावसावर घेतला होता. पावसाने मोबाईलची रेंज जाते, मग हेही तसंच. पण २.४ गिगाहर्ट्झला कोसळत्या पावसाचाही फरक नगण्य पडतो. पाऊस नडतो तो १० गिगाहर्ट्झच्या वर, डिश टीव्हीसारख्यांना. शिवाय पाऊस उघडून महिना उलटला तरी भोकं होतीच. भोकांचा मेळ बसत होता तो उसाशी. गावाजवळ तोडणी झालेल्या पट्ट्यातले नोड डिसेंबरात आपोआप सुधारले होते. ओढ्याकडच्या उभ्या आडसालीतले मात्र तसेच राहिले होते.

रेडिओला दोन ॲंटेनांमधली फक्त सरळ रेघ मोकळी असून भागत नाही. त्या रेघेभोवती लांबट फुग्यासारखी एक जागा मोकळी लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, त्यामुळे दोन नोडमधल्या २०० मीटरच्या दुव्यात मधोमध या जागेची त्रिज्या सुमारे अडीच मीटर येते. मे महिन्यात गुडघाभर खोडव्यावर तीन मीटरची ॲंटेना जेमतेम का होईना, मोकळी होती. ऑक्टोबरात ऊस डोक्याच्या दुप्पट झाला आणि ॲंटेना पाल्याच्या आत गेली. ऊस म्हणजे उभं पाणीच, आणि या वारंवारतेला पाणी शोषून घेतं. झाडोऱ्यातून जाणाऱ्या लहरींसाठी वाइसबर्गरचं एक प्रचलित सूत्र आहे. ते मुळात झाडांसाठी असलं तरी अंदाजाला चालतं. १०० मीटर पाल्यातून २.४ गिगाहर्ट्झचा तोटा त्यात सुमारे २५ डेसिबल निघतो, म्हणजे शक्ती तीनशे पटींहून जास्त घटते. या जातीच्या रेडिओत 'नीट ऐकू येतं' आणि 'काहीच ऐकू येत नाही' यांमधलं अंतर अवघ्या काही डेसिबलचं असतं. मेमध्ये ज्या दुव्यांना थोडी शिल्लक होती ते टिकले. बाकीचे धड जिवंत नाहीत, धड मेलेले नाहीत अशा अवस्थेत गेले.

हे असे अर्धमेले दुवे मेशला सगळ्यात जास्त नडतात. दुवा पूर्ण तुटला की नोड दुसरी वाट शोधतो. अर्धमेला दुवा अधूनमधून उत्तर देतो, त्यामुळे वाट म्हणून तोच धरला जातो. इथलं राउटिंग, म्हणजे वाट निवडायची पद्धत, टप्पे मोजणारं होतं: कमी टप्प्यांची वाट ती चांगली. समजा, लांबच्या नोडपर्यंत एका उडीत पोचता येतं, पण जाताना १०० पैकी ६० निरोप पोचतात आणि मिळाल्याची पोच परत येतानाही ६०. मग एका यशस्वी निरोपासाठी सरासरी १ भागिले (०.६ गुणिले ०.६), म्हणजे २.८ प्रयत्न लागतात. त्याऐवजी दोन्ही बाजूंनी ९५ टक्के चालणाऱ्या दोन छोट्या उड्या मारल्या तर एकूण २.२ प्रयत्नांत काम होतं. हे माप, ईटीएक्स, अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २००३ मध्ये मांडलं आणि २०१२ च्या आरपीएल या प्रमाणित राउटिंगमध्येही ते वापरता येतं. इथल्या नोडमध्ये भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे फर्मवेअरमध्ये, ते नव्हतं.

'पण रेडिओ स्वतःच पुन्हा पाठवतो ना?' हा सचिवांचा प्रश्न बरोबर होता. पाठवतो. शेजाऱ्याकडून पोच आली नाही तर ८०२.१५.४ मध्ये मूळ प्रयत्नानंतर आणखी तीन वेळा पाठवायची रीत आहे. एका टप्प्याचं यश ७० टक्के धरलं तरी चार प्रयत्नांत ते ९९ टक्क्यांवर जातं आणि सहा टप्पे ओलांडून सुमारे ९५ टक्के निरोप पोचायला हवेत. ज्या जाळ्यात पुन्हा पाठवणं नाही तिथे टप्प्याला ९५ टक्के धरूनही सहा टप्प्यांनंतर ७३ टक्केच उरतात, म्हणजे या तीन प्रयत्नांचा आधार मोठा. पण हा हिशेब प्रत्येक प्रयत्न स्वतंत्र मानतो. प्रत्यक्षात ते चारही प्रयत्न सेकंदाच्या एका छोट्या तुकड्यात उरकतात. ज्या कारणाने पहिला बुडाला ते कारण चौथ्यालाही तिथेच उभं असतं.

आणि कारण बऱ्याचदा दुसरे नोडच असत. सगळ्यांची घड्याळं गेटवेशी जुळवलेली, त्यामुळे दर मिनिटाच्या शून्य सेकंदाला सगळे एकदम बोलायला उठायचे. बोलण्याआधी कान देऊन ऐकायचं, कुणी बोलत असेल तर थांबायचं, हा नियम रेडिओत आहे. उघड्या रानात तो चालला, कारण सगळे एकमेकांना ऐकत होते. ऊस वाढल्यावर पाणंदीच्या दोन बाजूंचे नोड एकमेकांना ऐकेनासे झाले, पण पाणंदीतल्या मधल्या नोडला दोघंही ऐकू येत राहिले. दोघं बोलले की त्याच्यापाशी टक्कर. उसाने नुसता सिग्नल अडवला नाही, तर एकमेकांसाठी थांबण्याची सोयही काढून घेतली. मेच्या चाचणीत हे दिसणं शक्यच नव्हतं. त्या चाचणीचा सहीशिक्क्याचा कागद मात्र अजून संस्थेच्या फायलीत आहे.

इथपर्यंत जे झालं ते कुठल्याही मेशमध्ये कमीअधिक होतंच. नेदरलँड्समध्ये बटाट्याच्या शेतात शंभरावर नोड लावून केलेला एक प्रयोग या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. त्यात अपेक्षित डेटापैकी दोन टक्के हाती लागला होता. निरोप हरवणार हे धरूनच चालावं लागतं. माझ्या मते इथला खरा दोष निरोपात काय लिहिलं होतं त्यात होता.

नोड पाठवत होता तो 'गेल्या निरोपानंतर किती पल्स झाले' एवढाच आकडा. शेजारच्या नोडची पोच आली की तो आपला मोजणीचा आकडा शून्य करायचा. पोच आली नाही तर तो आकडा पुढच्या निरोपात मिळवायचा. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण ती पोच शेजाऱ्याची असते, गेटवेची नव्हे. शेजाऱ्याने निरोप घेतला, पोच दिली आणि पुढची वाट बंद म्हणून त्याच्या इवल्याशा रांगेत जागा उरली नाही की निरोप टाकून दिला. मूळ नोडने तोवर पाटी पुसलेली. ते पाणी हिशेबातून कायमचं गेलं. हीच ती गळती. मुख्य मीटर थेट वायरवर, त्याचे पल्स या वाटेने जातच नव्हते, म्हणून त्याचा आकडा मात्र पूर्ण यायचा. नोड जितका लांब, तितके टप्पे जास्त आणि तितकी गळती जास्त.

चढी बिलंही याच व्यवहारातून आली. कधी निरोप नीट पुढे जायचा, पण परतीची पोच बुडायची. नोडला वाटायचं निरोप गेला नाही. तो तेच पल्स पुढच्या निरोपात पुन्हा मिळवायचा. नवा निरोप, नवा अनुक्रमांक, त्यामुळे सर्व्हरला दुबार ओळखण्याचा मार्ग नाही. एकच पाणी दोनदा मोजलं जायचं. ज्याच्या शेतातून निरोप जातो पण पोच अडखळते, त्याचं बिल फुगायचं. त्या सभासदाला सभेत पाणीचोरापर्यंतचं ऐकून घ्यावं लागलं होतं.

विजेच्या मीटरवर एखाद्या महिन्यात रीडिंग घेणारा आला नाही तरी युनिट हरवत नाहीत, कारण तबकडीवर सुरुवातीपासूनचा एकूण आकडा असतो. नोडनेही तेच करायला हवं होतं. म्हणून पहिली दुरुस्ती तीच केली. निरोपात आता बसवल्यापासूनचे एकूण पल्स जातात. साठातले एकोणसाठ निरोप बुडाले तरी साठावा पूर्ण हिशेब घेऊन येतो. एकच निरोप दोनदा आला तरी आकडा तोच, बेरीज वाढत नाही. डेटा अजूनही हरवतो. हरवतो तो मधल्या मिनिटांचा तपशील, लिटर हरवत नाहीत.

दोन बारीक गोष्टी इथे सांभाळाव्या लागल्या. पुरवठादाराने एकूण आकड्यासाठी १६ बिटांचा काउंटर सुचवला होता. त्यात ६५,५३६ पल्स मावतात, म्हणजे साडेसहा हजार घनमीटर. सेकंदाला १० लिटर पाणी आठ तास वाहिलं तर दिवसाला २८८ घनमीटर होतात आणि काउंटर तीन आठवड्यांतच भरून शून्यावर येतो. ३२ बिटांचा घेतला. दुसरं म्हणजे बॅटरी उतरली तर आकडा टिकायला हवा. प्रत्येक पल्सला फ्लॅश मेमरीत लिहायचं म्हटलं तर त्याच प्रवाहाला दिवसाला २,८८० वेळा लिहावं लागेल. फ्लॅशचा एक कप्पा साधारण लाखभर वेळा पुसता येतो, म्हणजे पाच आठवड्यांत निकाल. त्याजागी फेरोइलेक्ट्रिक मेमरीची छोटी चिप लावली. तिला हा त्रास नाही. नोड बंद होऊन पुन्हा चालू झाला की एक वेगळा क्रमांक वाढतो. त्यामुळे मध्येच काही गडबड झाली तर सर्व्हरला कळतं.

पुरवठादाराचा उपाय होता आणखी रिपीटर लावा. मी विरोध केला. जिथे टक्कर ही अडचण आहे तिथे आणखी तोंडं वाढवून काय साधणार? त्याऐवजी पाणंदीच्या कडेने मोजक्या नोडना सहा मीटरच्या पाईपवर चढवलं, उसाच्या वर. आडसालीतल्या एका नोडवर आधी बांबू बांधून बघितलं होतं. ॲंटेना शेंड्यांच्या वर निघाली त्या क्षणी बंद पडलेल्या पोचा यायला लागल्या, आणि बांबू हाताने खाली घेतला की पुन्हा बंद. बघायला जमलेल्या चार-दोन सभासदांनी तो बांबू स्वतः खालीवर करून खात्री केली. माझ्या आलेखांनी जे पटलं नसतं ते तिथे पटलं. मिनिटाच्या ठोक्याला बोलणंही बंद केलं. प्रत्येक नोड आता यादृच्छिक सेकंद थांबतो आणि पाणी वाहत असतानाही पाच मिनिटांनीच पाठवतो. हिशेब एकूण आकड्यावर असल्यावर मिनिटामिनिटाची हौस कशाला?

गेटवेच्या पुढेही एक भोक होतंच. शेतीची थ्री फेज वीज आठवड्याच्या वेळापत्रकाने कधी दिवसा, कधी रात्री; त्याच लाईनवर गेटवेचा फोर-जी राउटर. वीज गेली की राउटर बंद, पण गेटवे बॅटरीवर चालू राहून नोडकडून निरोप घेत, पोच देत राहायचा आणि सर्व्हरकडे एमक्यूटीटी या निरोप पाठवायच्या पद्धतीच्या शून्य दर्जाने, म्हणजे पोचलं तर पोचलं या न्यायाने, सोडून द्यायचा. आता गेटवे निरोप आधी मेमरी कार्डवर लिहितो, सर्व्हरची पोच आल्यावरच खोडतो. राउटरलाही बॅटरी दिली. आलेखात निरोप नसेल तिथे आता रेघ तुटलेली दिसते. सचिवांना सुरुवातीला ते आवडलं नाही. 'सभासद विचारतील हे काय म्हणून.' विचारू देत.

नव्याने करायचं असतं तर मी मेश केलंच नसतं. दिवसाला काही मोजके आकडे पाठवायला ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात माळावरून थेट एका उडीत काम झालं असतं. त्याच सूत्राने १०० मीटर पाल्यातला तोटा तिथे १९ डेसिबलच्या आसपास येतो, शिवाय मधल्यांवर अवलंबून राहणं नाही. पण नोड विकत घेऊन झाले होते, आणि संस्थेच्या ताळेबंदात दुसऱ्यांदा तोच खर्च बसत नव्हता.

मागच्या हंगामाची बिलं मामांच्या वहीवरून नव्याने काढली. गळतीपोटी लावलेली रक्कम रद्द झाली, चढी बिलं खाली आली, आणि लांबच्या काही सभासदांची बिलं वाढली. त्यांनी कुरकुर केली, पण चेंबरचं झाकण उघडून तबकडी दाखवल्यावर भरली. सर्वसाधारण सभेने एक ठराव जोडला: हंगामाच्या शेवटी तबकडीचा आकडा आणि सर्व्हरचा आकडा दोन्ही बिलावर छापायचे, फरक पडला तर तबकडीचा धरायचा.

त्रास संपलेले नाहीत. घुशी केबल कुरतडतात. तोडणीनंतर पाचट पेटवलं की एखादा डबा वितळतो. गेल्या तोडणीत उसाच्या ट्रॉलीने पाणंदीतला एक खांब आडवा केला आणि त्यामागचे पाच फाटे दोन दिवस गप्प झाले. मामांनी खांब उभा केल्यावर पहिल्याच निरोपात पाचही आकडे तबकडीशी जुळले. ओढ्यापलीकडचे दोन नोड मात्र भर उसात अजूनही बोलत नाहीत. तिथे महिन्यातून एकदा मामा वही घेऊन जातात.